व्हॉल्व्हवरचे नाव सगळ्यांत शेवटी वाचावे

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका जुन्या वाड्याची कौले फेरण्याचे काम निघाले आणि माळ्यावरची अडगळ खाली उतरली. तिच्यात गोणपाटात गुंडाळलेला एक व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर होता. एके काळी तो वाड्यातल्या गणपतीपुढे दहा दिवस वाजायचा, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळे घर मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे चित्ररथ, पाहायला बाहेर पडले की त्याला विश्रांती मिळायची. त्याच्यासोबत पत्र्याचा एक डबा निघाला. डब्यात वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेले सात व्हॉल्व्ह होते आणि त्यांतल्या पाच पुड्यांवर निळ्या पेन्सिलीने ‘खराब’ असे लिहिलेले होते. वाड्याच्या मालकांचा मुलगा हे सगळे माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, “काका, यातला एक व्हॉल्व्ह दर वर्षी जायचा. शेवटी बाबा कंटाळले आणि त्यांनी हा लावणंच सोडलं. नवे व्हॉल्व्ह कुठे मिळतील, तेवढं सांगा.”

नवे कुठे मिळतील, हा प्रश्न मी नेहमी शेवटी ठेवतो. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: या यंत्राला कोणता व्हॉल्व्ह हवा आहे, हातात आहे तो खरोखर तोच आहे का, आणि तो काम करतो का. जुना अ‍ॅम्प्लिफायर पन्नास-साठ वर्षांत पाच-सहा मेकॅनिकांच्या हातांखालून गेलेला असतो. त्यांतल्या एखाद्याने ऐन उत्सवाच्या संध्याकाळी, दुकानात होता तो व्हॉल्व्ह बसवून वेळ मारून नेलेली असते. म्हणून सॉकेटमध्ये जे बसले आहे तेच हवे होते, असे गृहीत धरू नये. काचेवरची छपाई तर सगळ्यांत कच्चा पुरावा आहे.

पुस्तकी मराठीत या वस्तूला निर्वात नलिका म्हणतात. पण जेल रोडवर किंवा महाराणी रोडवर हा शब्द उच्चारला तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील, आणि ‘व्हॉल्व्ह’ म्हटले तर बहुधा नळाची तोटी काढून दाखवील. तोटी दाखवणारा फारसा चुकत नाही. काचेच्या आतली हवा काढून घेतलेली असते. मधोमध कॅथोड नावाची बारीक नळी असते. तिच्या आतला हीटर तापला की कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि बाहेरच्या बाजूला, दोन-तीनशे व्होल्टवर बसलेली प्लेट त्यांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड असते. ग्रिड कॅथोडपेक्षा थोडी ऋण ठेवली की प्रवाह आवळला जातो, ऋणपणा कमी केला की सैल सुटतो. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड पूर्ण जोराने येते तेव्हा तोटी किंचित फिरवली तरी धारेत केवढा फरक पडतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. ग्रिडवरचा लहानसा बदल प्लेटच्या प्रवाहात मोठा होऊन दिसतो, आणि आवाज मोठा होतो तो असा. व्हॉल्व्ह बिघडतो तेव्हा यांपैकीच काहीतरी घडलेले असते: हीटर तुटतो, कॅथोडचा लेप थकतो, आत हवा शिरते, किंवा दोन भाग एकमेकांना टेकतात.

हात घालण्यापूर्वी एक इशारा द्यायला हवा. या अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसीखाली, म्हणजे सगळे भाग ज्या पत्र्याच्या बैठकीवर बसवलेले असतात तिच्याखाली, तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि फिल्टरचे कंडेन्सर बटण बंद केल्यावरही तो धरून ठेवतात. दहा किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर क्लिप लावून कंडेन्सरवर काही सेकंद धरावा आणि मग मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची आपल्याकडची पद्धत मला मान्य नाही. चालू यंत्रात मोजताना काळी तार क्लिपने चॅसीला अडकवून एकच हात वापरावा. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये, कारण भाराविना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये धोक्याचे व्होल्टेज उठते. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र पहिल्यांदा लावताना साठ किंवा शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालावा. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही. सिरीजचा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि व्हॉल्व्हचा विचार पुढे ढकलायचा आहे.

आता सॉकेट वाचू. सगळे व्हॉल्व्ह काढून, प्रत्येक कुठला होता त्याची खूण करून, मी चॅसी उलटी केली. पाचही सॉकेट नऊ पिनांची होती, आणि नऊ पिनांच्या मालिकेतला खरा धोका इथेच आहे: तीन अगदी वेगळ्या कामांचे व्हॉल्व्ह एकाच सॉकेटमध्ये बिनतक्रार बसतात. सॉकेटकडे खालून पाहिले की पिनांच्या वर्तुळात एके ठिकाणी मोठी फट दिसते. त्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक ते नऊ मोजायचे. वरून पाहिले तर हीच मोजणी उलटी होते, आणि या घोटाळ्यात मी स्वतः एकदा पूर्ण दुपार घालवलेली आहे.

पहिल्या सॉकेटच्या १ आणि ७ क्रमांकाच्या पिना पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना गेल्या होत्या, ३ क्रमांकाची पहिल्या फिल्टर कंडेन्सरला, आणि ४ व ५ वर हीटरच्या तारा होत्या. ही जोडणी रेक्टिफायरची, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हची आहे. ईझेड८१ किंवा ईझेड८० इथे बसतो. तिसऱ्या आणि चौथ्या सॉकेटांत ७ क्रमांकाची पिन आउटपुट ट्रान्सफॉर्मरला, ९ क्रमांकाची बी-प्लसला (म्हणजे त्या तीनशे व्होल्टच्या डीसीला), ३ क्रमांकाची २७० ओहमच्या रेझिस्टरमधून चॅसीला आणि २ क्रमांकाची कंडेन्सरमार्गे मागच्या टप्प्याला जोडलेली होती. हे ईएल८४ चे घर. चुकून रेक्टिफायर या घरात बसवला तर हीटर गुपचूप पेटतो, कारण ४ आणि ५ दोघांनाही सारख्याच आहेत; पण ७ आणि ३ या पिनांमधून तो बी-प्लसला सरळ वाट करून देतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जळू शकते. त्या गुंडाळीसाठी पुन्हा माणूस शोधणे हे व्हॉल्व्ह शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

उरलेली दोन सॉकेटे लहान व्हॉल्व्हची होती, आणि तिथे हीटरची जोडणीच सगळे सांगून गेली. ४ आणि ५ या पिना एकमेकींना जोडून एक तार त्यांना दिलेली होती आणि दुसरी तार ९ क्रमांकाला. ईसीसी८३ च्या आत हीटरचे दोन भाग असतात आणि ९ हा त्यांचा मधला सांधा असतो. ४ व ५ एकत्र केल्या की दोन्ही भाग समांतर ६.३ व्होल्टवर चालतात, आणि ९ मोकळी ठेवली तर १२.६ व्होल्ट लागतात. ईसीसी८१ आणि ईसीसी८२ यांची जोडणीही हीच. ईसीसी८५, ईसीसी८८ किंवा रशियन ६एन२पी हे बाहेरून जुळे भाऊ दिसत असले तरी त्यांचा हीटर फक्त ४ आणि ५ मध्ये असतो आणि ९ ला आतला पडदा जोडलेला असतो. ते या सॉकेटमध्ये पेटणारच नाहीत. उलट, त्यांच्या सॉकेटमध्ये ईसीसी८३ बसवला तर हीटरच्या प्रत्येक भागाला निम्मेच व्होल्ट मिळतात, व्हॉल्व्ह मिणमिणतो आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. असा ‘कमजोर’ ठरलेला चांगला व्हॉल्व्ह मी एकापेक्षा जास्त वेळा कचऱ्यातून परत आणला आहे.

घर कोणाचे आहे हे कळल्यावर नावांकडे वळायला हरकत नाही. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर हीटरचे असते: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची आणि यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची सिरीज साखळी. पुढची अक्षरे व्हॉल्व्हचा प्रकार सांगतात. सी म्हणजे एका जाळीचा ट्रायोड, म्हणून दोन सी असले की एका काचेत दोन ट्रायोड; एफ म्हणजे तीन जाळ्यांचा लहान पेंटोड, एल म्हणजे मोठ्या ताकदीचा पेंटोड, झेड म्हणजे दोन प्लेटांचा रेक्टिफायर. आकड्यावरून बूड कळते: ऐंशीच्या घरातले नऊ पिनांचे, नव्वदच्या घरातले सात पिनांचे आणि तिशीतले मोठ्या आठ पिनांचे. अमेरिकन पद्धतीत सुरुवातीचा आकडा हीटरचा ढोबळ व्होल्टेज सांगतो, बाकीच्या अक्षरांत फारसा अर्थ शोधू नये. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईझेड८१ म्हणजे ६सीए४ आणि ईएल३४ म्हणजे ६सीए७. लष्करी मालावर ब्रिटिश सीव्ही क्रमांक असतो. सीव्ही४००४ असे लिहिलेला लहान व्हॉल्व्ह हा ईसीसी८३ च आहे. ज्यांच्या घरी मोठ्या बुडाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनी ईएल३४ आणि ६एल६ यांना एकच समजू नये. दोघे एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर ओढतो आणि ६एल६ चा ०.९, शिवाय ईएल३४ ची तिसरी जाळी १ क्रमांकाच्या पिनेवर वेगळी आणलेली असते. सॉकेटवर १ आणि ८ जोडलेल्या नसतील तर ती अधांतरी राहते.

काचेवरच्या छपाईला मी कच्चा पुरावा म्हणालो त्याचे कारण साधे आहे: मूळ छपाई बोटाने पुसली जाते आणि नवी कोणीही करू शकतो. व्हॉल्व्ह काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून काढल्यावर काचेवर बाष्प धरते आणि पुसल्या गेलेल्या अक्षरांची पुसट आकृती कधी कधी उमटते. पण खरे ओळखायचे ते काचेत कोरलेल्या आणि काचेआड असलेल्या खुणांवरून. फिलिप्स आणि मुलार्ड घराण्याच्या व्हॉल्व्हवर बुडाजवळ करड्या रंगाच्या दोन बारीक ओळी असतात. वरची ओळ प्रकाराची, उदाहरणार्थ ईसीसी८३ वर ‘आय६३’ सारखी. खालची ओळ कारखान्याची आणि तारखेची. ‘बी३एफ२’ याचा अर्थ मुलार्डचा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा कारखाना, तीनने संपणारे वर्ष, सहावा महिना, दुसरा आठवडा. दशक त्यात नसते, तेव्हा १९६३ की १९७३ हे बाकीच्या बांधणीवरून ठरवावे लागते. टेलिफुंकेनच्या नऊ पिनांच्या पुष्कळ व्हॉल्व्हच्या तळाशी, पिनांच्या मध्ये, काचेतच उठवलेला चौकटीचा आकार असतो. आपल्याकडे जुन्या डब्यांत सापडतात ते बहुधा भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. बंगलोरच्या या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. परदेशी नावाच्या मोहात हे व्हॉल्व्ह बाजूला सारणारे लोक मी पाहतो आणि मला त्याचे नवल वाटते.

छपाई नसलेला व्हॉल्व्ह ओळखण्याचा माझा आवडता उपाय म्हणजे त्याच्या हीटरला नेमके ६.३ व्होल्ट देऊन करंट मोजणे. ईझेड८० चा हीटर ०.६ अँपिअर घेतो, ईएल८४ चा ०.७६, ईझेड८१ चा १ अँपिअर, समांतर जोडलेला ईसीसी८३ ०.३. मिनिटभर तापू द्यायचे आणि आकडा वाचायचा. वाड्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेक्टिफायर म्हणून बसलेल्या व्हॉल्व्हवर एक अक्षरही शिल्लक नव्हते. त्याने ०.६ दाखवले. म्हणजे तो ईझेड८० होता, आणि त्याची मर्यादा ९० मिलिअँपिअर आहे. दोन ईएल८४ ची जोडी तीनशे व्होल्टवर शांत असताना ऐंशीच्या आसपास घेते आणि आरतीला आवाज पूर्ण सोडला की शंभराच्या पुढे जाते. इथे १५० मिलिअँपिअरचा ईझेड८१ च हवा होता. डब्यात तो सापडलाही, ‘खराब’ लिहिलेला. त्याच्या ४ आणि ५ मध्ये मीटरने काहीच दाखवले नाही, हीटर तुटलेला. पाच निकालांपैकी एक तरी बरोबर निघाला.

हीटर तपासणे ही सगळ्यांत सोपी परीक्षा असून ती थंड व्हॉल्व्हवर साध्या मल्टिमीटरने होते. आकडा फार लहान येतो याने घाबरू नये: ईएल८४ चा हीटर तापल्यावर आठ ओहमचा असला तरी थंड असताना त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच भरतो. ईसीसी८३ मध्ये ४ ते ९ आणि ५ ते ९ असे दोन्ही भाग मोजावेत. दोन्ही सारखे यायला हवेत. बाकीच्या पिनांमध्ये मीटरने काहीही दाखवू नये.

मग डोळ्यांनी पाहायचे. काचेच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. कारखान्यात शेवटची उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो उडवलेला असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला चीर गेली आहे आणि व्हॉल्व्ह संपला आहे, पुढे काही तपासण्याची गरज नाही. डाग लहान आहे म्हणून व्हॉल्व्ह म्हातारा, असे मात्र नसते. पेटलेल्या व्हॉल्व्हचे रंगही वाचता येतात. मधला नारिंगी उजेड हीटरचा. काचेच्या आतल्या पृष्ठावर दिसणारी गडद निळी झाक निरुपद्रवी असते, ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये ती हमखास दिसते. पण प्लेटच्या आत, भागांच्या मधल्या पोकळीत जांभळट-गुलाबी धुके भरलेले दिसले तर आत वायू आहे. आणि प्लेट स्वतः लाल होऊ लागली तर विचार करत बसू नये, आधी बटण बंद करावे.

याच लालीने मला वाड्यातल्या तक्रारीपर्यंत नेले. सिरीज बल्बवर सगळे ठीक दिसल्यावर अ‍ॅम्प्लिफायर सरळ लाइनवर घेतला, तर पाच मिनिटांत चौथ्या सॉकेटमधल्या ईएल८४ च्या प्लेटवर बाजूच्या पट्टीत मंद लाल डाग उगवला. बंद करण्यापूर्वी दोन्ही कॅथोडांवरचे व्होल्टेज मी टिपून घेतले होते. तिसऱ्या सॉकेटवर १०.३ व्होल्ट, चौथ्यावर १६. रेझिस्टर २७० ओहमचे असल्यामुळे हिशेब ओहमच्या नियमाने होतो: १०.३ भागिले २७० म्हणजे ३८ मिलिअँपिअर, आणि १६ भागिले २७० म्हणजे ५९. यातला थोडा वाटा दुसऱ्या जाळीकडे जातो. चांगल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला ३४ उरले असे धरले आणि प्लेट ते कॅथोड २९० व्होल्ट, तर गुणाकार जेमतेम १० वॉट होतो. बिघडलेल्याच्या वाट्याला ५३ धरले तरी २८४ व्होल्टवर १५ वॉट होतात. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॉट आहे.

इथपर्यंत पाहिले की कोणीही म्हणेल, व्हॉल्व्ह खराब. वाड्यात दर वर्षी हेच म्हटले गेले आणि दर वर्षी एक व्हॉल्व्ह ‘खराब’ लिहून डब्यात गेला. पण त्या व्हॉल्व्हला इतका करंट ओढायला सांगितले कोणी? ग्रिडवर, म्हणजे २ क्रमांकाच्या पिनेवर, शून्य व्होल्ट असायला हवेत. तिथे अधिक ८.५ होते. अशा वेळी दोनच आरोपी असतात. एक, व्हॉल्व्हमध्ये वायू असून ग्रिडमधून उलटा करंट वाहतो आहे. दुसरा, मागच्या टप्प्यावरून आवाज आणणारा कंडेन्सर गळतो आहे आणि त्या टप्प्याच्या प्लेटवरचा डीसी आवाजासोबत पुढे ढकलतो आहे. दोघांना वेगळे काढायला मिनिट लागते. यंत्र बंद करून तेवढा एक व्हॉल्व्ह काढायचा, पुन्हा लावून तीच पिन मोजायची. व्होल्टेज गेले तर दोष व्हॉल्व्हचा. माझ्या मीटरवर साडेआठ व्होल्ट तसेच उभे राहिले. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा, म्हणजे जेमतेम १८ मायक्रोअँपिअरची गळती. एवढ्या बारीक गळतीने चार व्हॉल्व्ह डब्यात घातले होते. मेणकागदाचे ते दोन्ही जुने कंडेन्सर काढून त्याच मापाचे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टरचे बसवले. इंदूरच्या दमट पावसाळ्यात हे कागदी कंडेन्सर आणखी गळतात, आणि गणपती नेमके त्याच दिवसांत येतात, हे लक्षात घेतले तर ‘दर वर्षी’ या शब्दाचाही उलगडा होतो.

आणखी एक गोष्ट हीटरच्या पिनांवर सापडली: ६.३ च्या जागी ७ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरची टॅप, म्हणजे लाइनच्या व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी, २२० वर लावलेली होती आणि आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी लाइन २४५ होती. त्रैराशिक मांडले की ७ च येतात. अशा हीटरवर कॅथोडचा लेप लवकर झिजतो. टॅप २४० वर नेली आणि आकडा साडेसहाच्या आत आला. नवा व्हॉल्व्ह विकत घेण्यापूर्वी ही एक टॅप पाहिली तर पैसे वाचतात.

लहान व्हॉल्व्हचा न्याय वेगळा असतो, कारण ते जळण्यापेक्षा बहुधा कुरकुरतात. डब्यात छपाई नसलेला एक लहान व्हॉल्व्ह होता. ईसीसी८१, ८२ आणि ८३ यांचे हीटर सारखेच असल्यामुळे करंट मोजून इथे काही कळत नाही. त्यांना चालू टप्प्यात बसवून पाहावे लागते. पहिल्या टप्प्याला अडीचशे व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला दीड किलोओहम असताना ईसीसी८३ सुमारे ०.८६ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे कॅथोडवर १.३ आणि प्लेटवर १६५ च्या आसपास व्होल्ट मिळतात. या निनावी व्हॉल्व्हने कॅथोडवर २.६ दाखवले आणि प्लेट शंभराच्या खाली उतरली, आवाजही बसला. तो ईसीसी८२ होता. त्याचा वाढीचा गुणांक १७ ते २० चा, ईसीसी८३ चा १००. व्हॉल्व्ह निरोगी होता, फक्त जागा त्याची नव्हती.

आवाजाच्या दोषांसाठी मीटरपेक्षा शिसपेन्सिल बरी. व्हॉल्व्ह चालू असताना तिच्या लाकडी टोकाने काचेवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर आतले भाग सैल झाले आहेत. असा व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यातून काढून पुढच्या टप्प्यात बसवला तर पुष्कळदा निभावून जातो. खरखर आली तर आधी सॉकेटवर संशय घ्यावा. पिना पुसून, सॉकेटच्या कड्या सुईने जरा आवळून पुन्हा पाहावे. दोन ईसीसी८३ असतील तर त्यांची अदलाबदल करावी. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्हचा, जागेवर राहिला तर जागेचा. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक टेस्टर दुसरा नाही.

टेस्टरच्या यंत्रांविषयी लोक फार आशेने विचारतात. जुन्या दुकानांतून दिसणारा साधा एमिशन टेस्टर सगळ्या जाळ्या प्लेटला जोडून व्हॉल्व्हचा डायोड करून टाकतो आणि कॅथोडमध्ये दम किती आहे तेवढे सांगतो. हिरव्या पट्ट्यात सुई गेली म्हणून व्हॉल्व्ह आवाज नीट मोठा करील, असे सिद्ध होत नाही. ग्रिडवरचे व्होल्टेज बदलून प्लेटचा करंट किती बदलतो हे मोजणारी यंत्रे, उदाहरणार्थ इंग्लंडच्या एव्हो किंवा अमेरिकेच्या हिकॉकची, खूप अधिक सांगतात. पण एक-दोन अ‍ॅम्प्लिफायर सांभाळणाऱ्याने त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. ज्या सर्किटमध्ये व्हॉल्व्ह चालायचा आहे तेच सर्किट नीट असेल तर त्याच्या कॅथोडवरचे व्होल्ट हाच निकाल. जुळवलेली जोडी म्हणून जादा पैसे मागितले जातात त्याचा अर्थही इतकाच की दोन व्हॉल्व्ह सारखा करंट घेतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंचा डीसी एकमेकांना रद्द करतो. दोघांत तीन-चार मिलिअँपिअरचा फरक असला तर मी झोप उडवून घेत नाही.

विकत घ्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट ठाऊक असावी. लहान व्हॉल्व्ह आणि ईएल८४ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये नवे बनतात. मुलार्ड किंवा टुंग-सोल अशी जुनी नावे छापलेले नवे व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हचे असतात. ते चांगले चालतात, पण ते ब्लॅकबर्नचे नव्हेत आणि त्या भावात घेऊ नयेत. जुना, न वापरलेला म्हणून दिला जाणारा माल घेताना खोक्याऐवजी बुडाजवळच्या कोरीव ओळींचा आणि चंदेरी डागाचा फोटो मागावा. आल्यावर हीटर मोजावा, सिरीज बल्बवर पेटवावा, आणि पहिला तासभर प्लेटवर नजर ठेवावी.

वाड्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला अखेर एकच व्हॉल्व्ह विकत लागला, तो ईझेड८१. डब्यातले चार ‘खराब’ ईएल८४ मी एकेक करून चौथ्या सॉकेटमध्ये चालवून पाहिले. एकाचा डाग पांढरा पडला होता, तो बाद. उरलेल्या तिघांनी कॅथोडवर ९.९, १०.२ आणि ९.४ व्होल्ट दाखवले. १०.२ वाला तिसऱ्या सॉकेटमधल्या १०.३ शी जुळला, म्हणून तो तिथेच राहिला. बाकीचे दोघे ज्या कागदांत आले होते त्यांतच परत गुंडाळले, आणि निळ्या पेन्सिलीच्या ‘खराब’ वर काट मारून बाजूला व्होल्ट, रेझिस्टर आणि तारीख लिहून ठेवली.